दुसऱ्या मात्रेवरची माणसं

रॉक अँड रोलची पहिली तबकडी कोणती, यावर अमेरिकेत आजही हमरीतुमरी चालते. कुणी १९५१ सालच्या 'रॉकेट एटी-एट'चं नाव घेतं, तर कुणी १९४९ च्या डिसेंबरात न्यू ऑर्लिन्समध्ये फॅट्स डॉमिनोने गायलेल्या 'द फॅट मॅन'चं. काही जण थेट १९३८ पर्यंत मागे जातात आणि बिग जो टर्नर व पियानोवाला पीट जॉन्सन यांच्या 'रोल एम पीट'वर बोट ठेवतात. एल्व्हिस प्रेस्लीपासून सुरुवात करणारे तर सगळ्यांत जास्त. या पुस्तकात तो वाद सोडवलेला नाही. पहिली तबकडी एकमताने ठरली, तरी तिच्यातला ठोका कुणाच्या हातून आला हा प्रश्न उरतोच. मला त्याच प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं वाटतं, आणि पुढची सगळी प्रकरणं त्या ठोक्याच्या मागे गेली आहेत.

हे पुस्तक कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत लिहिलं गेलं, यालाही कारण आहे. इथे माणूस गाण्याआधी ठेका ऐकतो. तालमीसमोर मर्दानी खेळ सुरू व्हायचा असला की आधी हलगी, घुमकं आणि कैताळ लागतं. लाठी, पट्टा, तलवार हे सगळं त्यांच्यामागून. खासबाग मैदानात कुस्तीची जोड लागली की हलगी हळूहळू चढत जाते आणि पैलवान झोंबले की ती अशी कडाडते की बघणाऱ्याचे पाय आपोआप हलू लागतात. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात त्या याच वाद्यांवर. आमच्या पेठेतल्या पोराला विलंबित ख्याल कळायला वयाची तिशी लागेल, पण हलगीवाला जरा जरी घसरला तरी ते त्याला दहाव्या वर्षी कळतं.

हलगी जवळून पाहिली पाहिजे. वीतभर-दीडवीतभर व्यासाचं कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं, एवढंच वाद्य. आता बऱ्याच ठिकाणी कातड्याच्या जागी फायबरचं पान आलं आहे, पण कातड्याची हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. वादक रस्त्याच्या कडेला चार कागद, थोडा पालापाचोळा पेटवतो, हलगी जाळावर फिरवत राहतो, मधूनच बोटाने टिचकी मारून बघतो आणि आवाज चढला की उठतो. पावसाळी हवेत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. मग एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी. टिपरू मुख्य ठोका धरतं आणि काडी त्या ठोक्यांच्या मधली जागा भरते. घुमकं खालून घुमतं, कैताळ वरून खणखणतं. तीन वाद्यांत सुरावट नावाला नाही, तरी अर्धा तास माणसं जागची हलत नाहीत.

अमेरिकेतल्या या संगीताची गोष्टही ठोक्यापासूनच सुरू होते, आणि तीही ठोक्यावरच्या बंदीपासून. १७३९ साली साउथ कॅरोलिनात गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायला मनाई केली. ढोल गेले. मग टाळ्या आल्या, लाकडी जमिनीवर पाय आपटणं आलं, मांडीवर आणि छातीवर थापा आल्या. प्रार्थनेसाठी गोल रिंगण करून पाय घासत फिरायचं आणि एकाने म्हटलेल्या ओळीला बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, ही रीत पक्की झाली. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये मात्र रविवारी गुलामांना जमायची, ढोल वाजवायची आणि नाचायची मुभा होती. त्यामुळे त्या शहराच्या हाडात ताल वेगळ्या तऱ्हेने मुरला, आणि रॉक अँड रोलच्या जन्मात त्या शहराचा वाटा एवढा मोठा का, याचं निम्मं उत्तर त्या चौकात आहे.

कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या टाळ्या मराठी कानाला आधी विचित्र वाटतात. आपली सम पहिल्या मात्रेवर. चार मात्रा मोजा म्हटलं तर आपण पहिलीवर टाळी देतो. तिथे टाळी पडते दुसरीवर आणि चौथीवर. पहिली मात्रा पायाने जमिनीत जाते, दुसरी हाताने वर येते, आणि अंग पुढे-मागे झुलायला लागतं. हाच ठोका पुढे ड्रमवाल्याच्या डाव्या हातात गेला. 'द फॅट मॅन'मध्ये ड्रमवर अर्ल पामर होता. त्याने तो दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा ठोका गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवला. १९५५ मध्ये लिटल रिचर्डने त्याच शहरातल्या, त्याच जे अँड एम स्टुडिओत 'टुटी फ्रुटी' गायलं, तेव्हाही मागे अर्ल पामरच होता. ज्याला जग रॉकचा ठोका म्हणून ओळखतं, त्याच्या घडणीत या एका माणसाचा फार मोठा हात आहे.

पामर न्यू ऑर्लिन्सचा. तिथे अंत्ययात्रासुद्धा बँड लावून निघते. जाताना संथ धून आणि परतताना नाचरी. बँडच्या मागून गल्लीतली माणसं छत्र्या आणि रुमाल नाचवत चालतात. त्या गर्दीला तिथे मिरवणुकीची दुसरी फळी म्हणतात, आणि ठोका नेमका कसा पडायचा हे तीच ठरवते, कारण पाय तिचे असतात. अनंत चतुर्दशीला आमच्या महाद्वार रोडवर रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. चालत्या गर्दीसाठी वाजवणारा वादक आणि बसलेल्या श्रोत्यांसाठी वाजवणारा वादक यांचे हात वेगळे तयार होतात. पामर पहिल्या जातीचा वादक होता.

आता ब्लूज. या नावाने बरीच धुकट वर्णनं केली जातात, म्हणून त्याची मांडणी आपल्या हिशेबात सांगतो. ब्लूजच्या एका कडव्यात बारा खाने, प्रत्येक खान्यात चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. पहिल्या सोळा मात्रांत गायक एक ओळ म्हणतो, खाली स्वरमेळ षड्जावर उभा असतो. दुसऱ्या सोळांत तीच ओळ पुन्हा, पण आता स्वरमेळ मध्यमावर सरकतो आणि परत षड्जावर येतो, त्यामुळे शब्द तेच असूनही अर्थ किंचित हलतो. तिसऱ्या सोळांत स्वरमेळ पंचमावर चढतो, तिथून मध्यमावरून षड्जावर उतरतो, आणि गायक आधीच्या ओळीचं उत्तर देतो. गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी घासत राहतो. पेटीवर तो सापडत नाही, गळ्यात आणि गिटारच्या ओढलेल्या तारेत सापडतो. आणखी एक खुबी अशी की गायकाची ओळ सोळा मात्रा भरत नाही. ती साधारण निम्म्यात संपते. उरलेली जागा गिटारची किंवा माउथ ऑर्गनची, त्यांनी उत्तर द्यायची. आपल्या शाहिराच्या मागे तुणतुणं घेऊन उभा असलेला झीलकरी हेच काम करतो. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतो, आणि तेवढ्यात शाहिराला पुढच्या ओळीसाठी श्वास मिळतो. कोल्हापूरच्या शाहीर पिराजीराव सरनाईकांचे पोवाडे ज्यांनी ऐकले असतील, त्यांना झीलेशिवाय पोवाडा किती ओका वाटेल याची कल्पना आहे.

या दोन परंपरांचं रक्ताचं नातं आहे असं मी म्हणत नाही, आणि कुणी तसं म्हणू लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. मिसिसिपीचा शेतमजूर आणि वारणाकाठचा शाहीर यांची गाठ पडली नव्हती. पण राबणाऱ्या, जमावात गाणाऱ्या, लिहून न ठेवता शिकणाऱ्या माणसांपुढे सारख्याच अडचणी येतात आणि त्या सोडवायच्या रीतीही सारख्या निघतात.

दुसरं महायुद्ध संपता संपता या संगीताचं रूप पालटलं आणि त्यामागे पैशाचा हिशेब होता. त्याआधी पंधरा-वीस वादकांचे मोठे बँड मोठ्या नाचघरांत वाजवत. १९४४ साली अमेरिकन सरकारने नाचाच्या जागांवर ३० टक्के कर बसवला. तो त्याच वर्षी २० टक्क्यांवर आला, पण तोवर धक्का बसायचा तो बसला. युद्धाने वादक पळवले होतेच. मालकांना पंधरा माणसं परवडेनात. मग पाच-सहा जणांचे ताफे आले आणि त्यांना पंधरा जणांइतका आवाज काढायचा होता. सॅक्सोफोन ओरडू लागला, गिटारला वीज जोडली गेली, गाणी आखूड, वेगवान आणि विनोदी झाली. या ताफ्यांचा राजा लुई जॉर्डन. १९४५ चं 'कॅल्डोनिया', १९४६ चं 'चू चू चबूगी', ही गाणी ज्यूकबॉक्सवर गाजली. आज त्याचं नाव आपल्याकडे जवळपास कुणाला माहीत नाही. पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्याच्यावर आहे आणि ते मुद्दाम आहे.

जॉर्डनच्या १९४६ च्या एका तबकडीची सुरुवात त्याचा गिटारवाला कार्ल होगन याने वाजवलेल्या काही सुरांनी होते. मोजून काही सेकंदांचा तुकडा. बारा वर्षांनी, १९५८ मध्ये, चक बेरीने तो तुकडा जवळजवळ तसाच उचलला आणि त्याने 'जॉनी बी. गुड' सुरू केलं. जगातल्या कोणत्याही गल्लीत गिटार शिकणारा मुलगा आज तो तुकडा घोकतो. बेरीने हे लपवलं नाही, होगनचं नाव तो घेत असे. पण घोकणाऱ्या मुलाला ते नाव कुणी सांगत नाही. जॉर्डनच्या तबकड्यांचा निर्माता मिल्ट गेबलर. १९५४ च्या १२ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये बिल हेली या गोऱ्या गायकाच्या 'रॉक अराउंड द क्लॉक'चं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हाही काचेपलीकडे गेबलरच होता. जॉर्डनच्या ताफ्यातली ठेक्याची ठसक त्याने हेलीच्या माणसांकडून काढून घेतली. एका वर्षाने हे गाणं 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाच्या नामावलीवर वाजलं आणि जगभर गेलं. हेली गाजला म्हणून मला त्याचा राग नाही, तो कसून काम करणारा वादक होता. पण त्या गाण्याच्या कहाणीत जॉर्डनचं नाव पहिल्या ओळीत यायला हवं.

अशीच सिस्टर रोझेटा थार्प. १९१५ साली अर्कान्सासमध्ये जन्मलेली ही बाई चर्चची गायिका. हातात इलेक्ट्रिक गिटार, तोंडी देवाचं नाव आणि बोटांत असा झपाटा की पुढच्या पिढीचे सगळे पुरुष तिच्यापुढे शागीर्द ठरावेत. १९४४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' ऐका. एल्व्हिस तेव्हा नऊ वर्षांचा होता. भक्तिगीत असूनही त्यात रॉक अँड रोलचं सगळं सामान हजर आहे. १९७३ ला ती गेली आणि तिच्या थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगडही नव्हता. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला तो २०१८ साली.

एका बाजूने पाहून चालणार नाही. गोऱ्या गरिबांचं डोंगरी संगीत, फिडल, बँजो आणि त्यांची नाचगाणी हेही या झाडाचं मूळ आहे. चक बेरीचं १९५५ चं 'मेबलीन' हे बॉब विल्सच्या ताफ्याने वाजवलेल्या 'आयडा रेड' या फिडलच्या गाण्यावरून सुचलेलं. एल्व्हिसने १९५४ च्या जुलैत मेम्फिसच्या सन कंपनीसाठी पहिली तबकडी केली, तिच्या एका बाजूला आर्थर क्रूडप या काळ्या ब्लूज गायकाचं १९४६ चं गाणं होतं आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या गोऱ्या डोंगरी गायकाचं. दोन्ही मुळं एकाच तबकडीच्या दोन अंगांना. तिसरं मूळ याहून दूरचं. गिटारवाल्या बो डिडलीचा जो प्रसिद्ध ठेका आहे, तो सोळा मात्रांत पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी अशा पाच जागांवर पडतो. हा साचा क्यूबाच्या वादकांकडे फार आधीपासून आहे, आणि त्याची वाट आफ्रिकेतून येते. हातावर मोजून पाहा, एकदा जमला की सुटत नाही.

देवाणघेवाण झाली, पण देण्याघेण्याचा हिशेब सारखा नव्हता. क्रूडप आपल्या गाण्यांच्या पैशांसाठी झगडतच १९७४ मध्ये गेला. बिग मामा थॉर्नटनने १९५२ मध्ये 'हाउंड डॉग' गायलं, ते चिकार खपलं, आणि आपल्याला त्यातून पाचशे डॉलरचा एकच चेक मिळाला असं ती सांगत असे. चार वर्षांनी एल्व्हिसने तेच गाणं गायलं, ते लाखोंनी खपलं. १९४९ पर्यंत अमेरिकेतल्या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकात काळ्या कलाकारांच्या तबकड्यांची यादीच वंशाच्या नावाने वेगळी छापली जायची. त्या वर्षी 'बिलबोर्ड'ने ते शीर्षक बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. शीर्षक बदललं. यादी मात्र वेगळीच राहिली.

इथून मला मुंबईला यायचं आहे. कारण हे संगीत आपल्याकडे एल्व्हिसबरोबर आलं असा समज पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो इथेच रमला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला. या माणसांकडून स्विंग शिकले ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. नोकरीसाठी मुंबई गाठायची, धोबी तलावच्या आसपास आपल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, खाट मिळवायची आणि हॉटेलातल्या बँडमध्ये लागायचं, ही त्यांची वाट. आल्दोन्याचा अंतोनिओ झेवियर वाझ अशाच वाटेने आला आणि चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेटवर मुंबई गाजवू लागला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

इथेही एका कायद्याने वादकांना नाचघराबाहेर काढलं. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतली रात्र ओसरली आणि नाचाच्या बँडवाल्यांना दुसरं काम शोधावं लागलं. काम होतं सिनेमाच्या स्टुडिओत. अमेरिकेत करामुळे जे झालं ते मुंबईत दारूबंदीमुळे झालं, आणि दोन्हीकडे त्यातून नवं संगीत निघालं. आपल्या राज्यकर्त्यांपैकी कुणाच्या मनातही ते नव्हतं, तरी त्या कायद्याचा हा परिणाम नोंदवायलाच हवा.

स्टुडिओत त्यांची वाट पाहत होता नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा माणूस, रामचंद्र नरहर चितळकर म्हणजेच सी. रामचंद्र. १९१८ चा जन्म, शास्त्रीय संगीताची तालीम झालेली, गळा स्वतःचा आणि कान चौफेर उघडा. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी 'आना मेरी जान संडे के संडे' केलं, तेव्हा हिंदी सिनेमाला नाचऱ्या स्विंगची पहिली मोठी चटक लागली. १९५० च्या 'समाधी'त कारमेन मिरांडाच्या एका अमेरिकन गाण्याची चाल घेऊन 'गोरे गोरे' आलं. १९५१ च्या 'अलबेला'त गिरणी कामगाराच्या पोटी जन्मलेले भगवान पालव म्हणजे आपले भगवानदादा नाचले आणि 'शोला जो भडके' घराघरांत गेलं. त्याच चित्रपटातल्या एका नाचगाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक पडद्यावर दिसतात. बाकी बहुतेक गाण्यांत गोव्याचे वादक फक्त ऐकू येतात. आणि मग १९५७ चं 'आशा', त्यातलं 'ईना मीना डीका'. किशोरकुमार आणि आशा भोसले दोघांनी वेगवेगळं गायलेलं. मागचे ब्रास, ठेक्याचा वेग, अर्थाची फिकीर न करणारे बोल हे सगळं रॉक अँड रोलच्या घरातलं आहे, आणि तरी ते एका मराठी संगीतकाराच्या हातून निघालेलं हिंदी गाणं आहे. हेच सी. रामचंद्र 'अनारकली' करतात आणि १९५९ मध्ये कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या व्ही. शांताराम यांचं 'नवरंग'ही करतात. एवढा मोठा आवाका असलेल्या संगीतकाराचा अभ्यास मराठीत व्हायला हवा तितका झालेला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच काळात आकाशवाणीवर सिनेगीतांना दार जवळपास बंद होतं. १९५२ पासून नभोवाणी खात्याचे मंत्री होते पुण्याचे बाळकृष्ण केसकर. त्यांना शास्त्रीय संगीत घराघरांत न्यायचं होतं आणि त्यांच्या कारकिर्दीत शास्त्रीय गायक-वादकांना रेडिओने भक्कम आधार दिला, हे मान्य करायलाच हवं. पण ऐकणारे रेडिओ सिलोनकडे वळले. केसकरांच्याच खात्याला शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली, 'आशा'च्याच वर्षी. सिलोनच्याच लहरींवरून अमेरिकन आणि इंग्लिश गाणी सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतही पोचत होती. तिथे वसतिगृहात राहणारा झांझिबारचा पारशी मुलगा फारोख बलसारा साधारण १९५८ च्या सुमारास शाळेच्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानोवर फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवू लागला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. न्यू ऑर्लिन्सचा ठोका सह्याद्रीच्या एका पठारावर पोचायला दहा वर्षंही लागली नाहीत.

गोव्याच्या वादकांचं मोल मात्र कसं झालं? सिनेमाच्या नामावलीत बहुतेकदा संगीतकाराचं एकट्याचं नाव. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांनी ज्या वाद्यमेळाच्या रचना लिहून काढल्या, त्यांच्यावर पिढ्या नाचल्या. माजोर्द्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घराघरांत गेलं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे, कारण लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूची ती आठवण ठेवली. एका शिष्याला वाटलं म्हणून. बाकीच्यांना असे शिष्य मिळाले नाहीत.

मग आपल्या दारातल्या वादकांकडे पाहायला हवं. पट्ठे बापूराव तमाशात गेले, जात सोडली, पवळाबाईंबरोबर फड गाजवला, त्यांची कवनं छापून राहिली. त्यांच्या फडातल्या ढोलकीवाल्यांची, हलगीवाल्यांची नावं किती जणांना सांगता येतील? १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'त कोल्हापूरचे वसंत पवार यांनी ढोलकीचा ठेका सिनेमाच्या वाद्यमेळात असा बसवला की पुढची वीस वर्षं मराठी सिनेमा त्या वळणावर चालला. ढोलकीपटू लाला गंगावणे यांचं नाव जाणकारांना ठाऊक आहे. त्यांच्यासारखे आणखी किती तरी नुसतेच वाजवून गेले.

हलगीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो टाळून हे पुस्तक प्रामाणिक झालं नसतं. हलगी ही गावगाड्याने मातंग आणि महार समाजांवर लादलेली कामगिरी होती. लग्न पाटलाचं, मिरवणूक देवाची, पण वाजवणारा देवळाबाहेर. १९२० च्या मार्चमध्ये करवीर संस्थानातल्या माणगावात परिषद झाली, शाहू महाराजांनी तिथे डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व जाहीरपणे स्वीकारायला सांगितलं. पुढे चळवळ वाढली तसं अनेकांनी बलुत्याची कामं आणि त्यांबरोबर वाद्यंही खाली ठेवली. ज्या वाद्याने अपमान शिकवला ते खाली ठेवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. ज्यांनी ठेवलं नाही, त्यांनी ते वाद्य स्वतःच्या अटींवर वाजवावं आणि त्याचा पुरेसा मोबदला घ्यावा, याचाही. त्याच १९२० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथने 'क्रेझी ब्लूज' गायलं, ते तुफान खपलं आणि काळ्या गायिकांच्या ब्लूजलाही बाजार आहे हे तबकडी कंपन्यांना पहिल्यांदा कळलं. अमेरिकेतल्या काळ्या वादकांपुढे आणि आपल्याकडच्या हलगीवाल्यांपुढे एकच पेच होता: ज्या कलेमुळे लोक टाळ्या वाजवतात तीच कला आपल्याला खालच्या पायरीवर ठेवते, तेव्हा ती करायची की सोडायची? अण्णा भाऊ साठेंनी आपल्या परीने त्याचं उत्तर दिलं. वाटेगावचा हा मातंग शाहीर १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक घेऊन उभा राहिला आणि तमाशाचा तोच ठेका त्याने कामगारांच्या सभेत नेला. लोकांना हसवणारं वाद्य त्याने हक्क मागायला लावलं.

पुस्तकात एकंदर १९३८ ते १९५८ या काळातल्या तबकड्या घेतल्या आहेत. वाचताना त्या शेजारी ऐकत जाव्यात, इंटरनेटवर जवळपास सगळ्या मिळतात. आधी 'रोल एम पीट'मधला पीट जॉन्सनचा डावा हात ऐका. मग कार्ल होगनच्या सुरांनी सुरू होणारी लुई जॉर्डनची १९४६ ची तबकडी आणि लगेच तिच्या पाठोपाठ चक बेरीचं 'जॉनी बी. गुड'. मग रोझेटा थार्प. मग 'द फॅट मॅन', आणि त्यात गायकाकडे कान न देता फक्त ड्रम. त्यानंतर 'शहनाई', 'अलबेला' आणि 'आशा'. शेवटी, जमलं तर, एका संध्याकाळी आमच्या पेठेत या. सराव चालू असेल.

आणि एक विनंती. आपल्या घरात, गल्लीत, गावात कुणी ढोलकी, हलगी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजवणारं होतं किंवा आहे, तर त्याचं पूर्ण नाव, गाव, कुणाच्या हाताखाली शिकला आणि कोणत्या फडात किंवा बँडमध्ये वाजवत होता, एवढं त्याच्या संमतीने एका वहीत लिहून ठेवा आणि तालुक्याच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत द्या. फडाच्या मालकाचं, गायकाचं, संगीतकाराचं नाव लिहिणारे पुष्कळ आहेत. वाजवणाऱ्यांची यादी अजून कुणी केलेली नाही, आणि ती करायला हवी.

शिवाजी पेठ, कोल्हापूर